गिरणीच्या भिंतीत खिडक्या

वर्ध्यात मी आर्किटेक्टची पाटी लावली, तेव्हा गावात त्या शब्दाचा अर्थ 'नकाशा पास करून देणारा' एवढाच होता. माणूस यायचा, प्लॉटचा कागद टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "साहेब, तीन खोल्या बसवून द्या." खोल्या कोणत्या बाजूला बसवल्या म्हणजे दुपारी भट्टी होणार नाही, वारा कुठून येतो, हे विचारणारा क्वचितच. मी आपणहून सांगायला लागलो की त्याला वाटायचं, हा उगाच वेळ लावतो आहे. तीस-बत्तीस वर्षं हे काम केलं. घरं बांधली, शाळा बांधल्या, दोन दवाखाने आणि एक मंगल कार्यालय बांधलं. त्यातलं बरंचसं आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेलं आहे. एक काम तेवढं अजून अलग राहिलं आहे. त्याचा अभिमानही आहे आणि ते बोचतंही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. हिंगणघाटकडचे एक जिनिंगवाले, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना चालवणारे, बापूसाहेब, जामच्या पुढे रस्त्यालगत सूतगिरणी काढणार होते. मूळचे शेतकरी, स्वतःच्या हिमतीवर मोठे झालेले, साठीच्या पुढचे. त्यांनी सत्तावीस एकर जमीन घेतली होती. काम मला कसं मिळालं ते सांगायचं तर, नागपूरच्या मोठ्या आर्किटेक्टनं पहिल्याच भेटीत त्यांना अर्धा तास इंग्रजीत समजावून सांगितलं होतं. त्यानंतर ते माझ्याकडे आले.

जमीन पाहायला गेलो तो एप्रिलचा महिना होता. काळी माती उन्हानं इतकी फाटलेली की भेगेत हात कोपरापर्यंत जाई. जमिनीच्या उत्तर अंगानं एक नाला वाकडातिकडा गेला होता आणि त्याच्या दोन्ही काठांना करंज, उंबर, कडुनिंब, दोन-तीन जुने अर्जुन होते. बापूसाहेब म्हणाले, "हे सारं साफ करू. नाला बुजवू, मुरूम टाकू, सपाट मैदान करू. मंग तुमी कागदावर पाहिजे तसं काढा."

मी म्हटलं, "आधी जेवून घेऊ."

डबे सोडले ते अर्थातच करंजाखाली. जेवण झालं. बापूसाहेब पाणी प्याले, त्यांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि ते खोडाला टेकले. दहा मिनिटांनी म्हणाले, "इथं बरं लागून राह्यलं."

"तुमचे कामगार जेवायला कुठे बसतील?"

त्यांनी मान वर करून झाडाकडे पाहिलं. मग हसून म्हणाले, "समजलं. राहू द्या झाडं."

नाला आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पट्टी तशीच ठेवायची, एवढं त्या दिवशी ठरलं. मला वाटलं, अर्धं काम झालं. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो.

नकाशा काढण्याआधी मी आठवडाभर बापूसाहेबांच्या जुन्या कारखान्यात जाऊन बसलो. तिथं जिनिंगला लागूनच बाहेरून आणलेल्या सुताच्या लडी करण्याचं एक छोटं खातं होतं. त्या रिळिंग खात्यात बायका काम करत. त्यातल्या एक सुभद्राबाई, वडनेरच्या. तिशीच्या, सडपातळ, बोलायला फटकळ. नवी गिरणी सुरू झाली की तिकडे जाणाऱ्यांत त्यांचं नाव होतं. मी विचारलं, नव्या गिरणीत काय हवं? बाकीच्या बायकांनी पाणी, संडास, बसायला जागा असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "खिडकी पाहिजे."

"वाऱ्यासाठी?"

"वारा नाई आला तरी चालते. एकदा आत गेलं का बाहेर ऊन हाय का आभाळ आलं, काही समजत नाई. आभाळ आलं त घरी गोवऱ्या उघड्या पडल्या रायते. आता इथून मी काही झाकाले जाऊ शकत नाई. पन मालूम त पडते ना."

मी हे वहीत लिहून घेतलं. कॉलेजात आम्हाला खिडकीबद्दल बरंच शिकवलं होतं, क्षेत्रफळाच्या कितवा हिस्सा असावी इथपर्यंत. हे कारण त्यात नव्हतं.

दुसरी गोष्ट मला कारंजा घाडगेच्या एका ढाब्यावाल्यानं शिकवली. त्याच्या शेजारचा ढाबा मोठा, पाटी रंगीत, पण ट्रक उभे राहत ते याच्याकडे. मी कारण विचारलं तर म्हणाला, "भाऊ, माझ्या निंबाची सावली दुपारी दोनले रस्त्यावर येते. त्याची सावली मागच्या वावरात पडते." झाड असून भागत नाही, ज्या वेळी माणूस तिथं असतो त्या वेळी सावली तिथं पडावी लागते. गिरणीची दुसरी पाळी साडेतीनला लागणार होती. मे महिन्यात साडेतीनला फाटकापासून खात्यापर्यंत चालत जाणं म्हणजे काय, हे वर्ध्याकडच्या माणसाला सांगायला नको. मी तो रस्ता सरळ न काढता नाल्याच्या काठानं वळवून नेला. थोडा लांब पडला, पण साडेतीनला पूर्ण सावलीत.

खरी लढाई खिडक्यांवरून झाली. बापूसाहेबांनी जनरल मॅनेजर म्हणून दीक्षित नावाचे गृहस्थ आणले होते. वीस वर्षं सूतगिरण्यांत काढलेले, आपल्या कामात पक्के. त्यांनी माझा नकाशा पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही सूत कातण्याचं खातं चालू असताना कधी पाहिलं आहे का?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. कापसाचा धागा हवेतल्या ओलाव्यावर टिकतो. आपल्याकडची उन्हाळ्यातली कोरडी हवा आत आली की धागा तटातट तुटतो. म्हणून खात्यात पाण्याचे फवारे सोडून हवा दमट ठेवतात आणि खिडक्या ठेवतच नाहीत. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी पंधरा दिवस डोकं खाजवलं आणि न उघडणाऱ्या काचा सुचवल्या. उत्तरेच्या भिंतीत, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, नाल्याकडे तोंड केलेल्या. उत्तरेकडून ऊन आत येत नाही. हवा आत येणार नाही, उजेड येईल आणि बाहेरचं दिसेल.

दीक्षित म्हणाले, "बाहेरचं दिसेल हीच तर अडचण आहे. माणसं बाहेर बघत बसतील."

"बघितलं तर काय होईल?"

"मशीनकडे लक्ष राहणार नाही. आणि हे मी लेखी देणार आहे."

त्यांनी खरंच लेखी दिलं. बापूसाहेबांनी दोघांचं ऐकून निकाल दिला, "रिळिंगमध्ये लावून पाहा. तिथं जास्त बाया आहेत, नाई जमलं त बोंब त्याच मारतीन." अशा पाच खिडक्या झाल्या. बाकी खात्यांच्या भिंती कोऱ्या राहिल्या.

कायद्यानं पाळणाघर ठेवावंच लागतं. बहुतेक ठिकाणी ते फाटकाजवळ एखाद्या उरलेल्या खोलीत टाकून देतात. मी ते नाल्याकाठी, करंजांच्या सावलीत ठेवलं. खिडक्यांची खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर ठेवली, म्हणजे रांगत्या पोराला उभं राहून झाड दिसेल. ते एवढंसं घर मला साऱ्या आवारात सर्वांत आवडायचं. जोतं मात्र मी जमिनीलगतच ठेवलं होतं, पायऱ्यांवर मुलं पडतील म्हणून.

आता चुकीकडे येतो. छोट्या चुका बऱ्याच केल्या. कार्यालयापुढे हिरवळ केली, तिच्यावर कधी कोणी बसलं नाही. त्या काळातल्या फॅशनप्रमाणे कुंपणानं निलगिरी लावली. ती भराभर वाढली, पण तिच्या खाली ना सावली ना गवत. पण ही चूक तसली नव्हती.

काम संपत आलं तेव्हा दीक्षितांच्या ध्यानात आलं की कापसाच्या गाठींचं गोदाम आखलेल्या जागेत अपुरं पडणार. वाढवायचं तर एका बाजूला नाल्याचं वळण आडवं येत होतं. पाळणाघरापासून खाली, पाणी वाहून जातं त्या दिशेला. त्यांनी सुचवलं की तेवढ्या वळणात सिमेंटचे तीन पाइप टाकू, वर भराव करू, त्यावर गोदाम. मी म्हटलं, पाइप चालणार नाहीत, पूल लागेल. ते म्हणाले, पुलाला दोन महिने लागतात आणि उद्घाटनाला पाहुणे ठरले आहेत. मी पाण्याचा हिशेब करून पाहिला. नेहमीच्या पावसाचं पाणी तीन पाइपांतून जेमतेम जात होतं. मी पुन्हा म्हटलं, जेमतेम आहे. दीक्षित आवाज न चढवता म्हणाले, "सहीसाठी दुसरे आर्किटेक्टही मिळतात."

एवढं मोठं काम मला पुन्हा मिळेल असं वाटत नव्हतं. बापूसाहेबांकडे जाऊन सांगता आलं असतं. गेलो नाही. सही केली.

गिरणी सुरू झाली. पहिला पावसाळा बेताचा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका दुपारी, गिरणीवर पाऊस थोडाच होता. जोराचा पडला होता तो वर, गिरडकडच्या टेकड्यांच्या अंगाला. नाल्याला पाणी आलं आणि येताना त्यानं वरच्या शेतांतल्या पऱ्हाट्या आणल्या. कापूस वेचून झाला की उपटलेली झाडं शेतकरी जळणासाठी बांधावर रचून ठेवतात, त्या पऱ्हाट्या. मी पाण्याचा हिशेब केला होता, पऱ्हाट्यांचा केला नव्हता. त्या पाइपांच्या तोंडाशी येऊन अडकल्या आणि अर्ध्या तासात तिन्ही तोंडं बंद झाली. पाणी मागे फुगायला लागलं.

पाळणाघरात तेव्हा अकरा मुलं होती आणि एक आया. गिरणीच्या आवाजात तिची हाक कोणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

पुढचं मला नंतर अनेकांनी सांगितलं, पण सुभद्राबाईंनी सांगितलं ते सगळ्यांत थोडक्यात. "लडी बांधून राह्यली होती. मान वर केली त करंजाच्या खोडापाशी पानी दिसलं. ते तिथं कधी रायत नाई. पुन्हा पायलं त आनखी वर." त्यांनी मशीन थांबवलं आणि धावत सुटल्या. सुपरवायझर मागून ओरडला. चार बायका त्यांच्यामागे गेल्या.

त्या पोचल्या तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं. दार आतून बाहेर उघडणारं होतं, ते पाण्याच्या दाबानं उघडेना. आयानं मुलांना टेबलावर चढवलं होतं. बायकांनी दगडानं काच फोडली आणि त्या दोन फुटांवरच्या खिडकीतून एकेक मूल बाहेर घेतलं. सुभद्राबाईंची दोन वर्षांची सुनीता सातवी निघाली. आपली मुलगी हातात आल्यावर त्यांनी ती मागच्या बाईकडे दिली आणि पुन्हा खिडकीत वाकल्या. अकराही मुलं निघाली. आयाचा हात काचेनं कापला, तिला हिंगणघाटला नेऊन टाके घालावे लागले. सतरंज्या, पाळणे, दुधाची भांडी, सगळं गेलं.

मला फोन आला तेव्हा रस्ता एका ठिकाणी पाण्याखाली होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. पाळणाघराच्या भिंतीवर माझ्या छातीच्या वर चिखलाची रेघ उमटली होती.

रिळिंग खात्याच्या दाराशी सुभद्राबाई कागद हातात घेऊन उभ्या होत्या. आदल्या दिवशीच, काय झालं ते कळायच्या आत, सुपरवायझरनं त्यांना मेमो दिला होता, परवानगीशिवाय मशीन सोडल्याबद्दल. मी तो वाचला. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"साहेब, ह्या खिडक्या तुमीच लावल्या ना?"

"हो."

"अन् तिकडं ते पाइप कोनं टाकले?"

"त्यावरही माझीच सही आहे."

"मंग पाइप टाकू देल्ले काऊन?"

पुढे करण्यासारखी बरीच कारणं होती. उद्घाटन, दीक्षित, पऱ्हाट्या. मी म्हटलं, "भ्यालो, बाई. काम जाईल म्हणून."

त्यांनी कागदाची घडी केली. "आमी भेलो त पोट्ट्याइले घरी ठेवतो," त्या म्हणाल्या. "तुमी भेले त आमचे पोट्टे बुडते." आणि आत कामाला गेल्या.

मी तसाच बापूसाहेबांकडे गेलो. दीक्षित तिथंच बसले होते. मी सांगितलं, पाइप चालणार नाहीत हे मला माहीत होतं, तरी मी सही केली, आणि तुम्हाला येऊन सांगितलं नाही. जोतं खाली ठेवलं तीही माझीच चूक. बापूसाहेबांनी एकदा दीक्षितांकडे पाहिलं. मग म्हणाले, "कोनाचं दुसऱ्याचं नाव नाई घेऊन राह्यले तुमी?"

"सही माझी आहे."

दीक्षितांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आग्रह माझा होता," ते म्हणाले. त्यांच्याबद्दल माझं मत तेव्हापासून बदललं. मेमो त्यांनी त्याच दिवशी स्वतः फाडला.

बापूसाहेब म्हणाले, "गोदाम पाडा. नाला मोकळा करा. तुमीच करा. तुमाले आता मालूम आहे काय होते ते."

गोदामाची ती बाजू पाडली, भराव उपसला, पाइप काढले. तिथं तीन गाळ्यांचा पूल बांधला, एखादं झाड वाहून आलं तरी खालून निघून जाईल एवढा उंच. पाळणाघर नाल्यापासून उचलून कँटीनच्या वरच्या अंगाला, चढावर, एका जुन्या कडुनिंबाखाली नेलं. जोतं तीन पायऱ्या उंच घेतलं. दोन दारं दिली, समोरासमोरच्या भिंतींत. खिडक्या पुन्हा दोन फुटांवरच ठेवल्या. पुढच्या उन्हाळ्यात दीक्षितांनी मला बोलावून इतर खात्यांच्या उत्तर भिंती दाखवल्या आणि विचारलं, "इथं किती बसतील?" जुन्या लेखी हरकतीचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही.

पाळणाघर तयार झालं आणि तिथं एकही मूल आलं नाही.

बायका मुलांना शेजारणीकडे, म्हाताऱ्या सासूकडे, जमेल तिथं ठेवून येत. दोघी-तिघींनी काम सोडलं. आया रोज सतरंज्या झटकून टाकायची आणि संध्याकाळी गुंडाळून ठेवायची. दीक्षितांनी सूचनाफलकावर कागद लावला. बापूसाहेबांनी बायकांना गोळा करून सांगितलं की आता धोका नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि कामाला गेल्या. मी सुभद्राबाईंना नवी जागा दाखवायला नेलं. त्यांनी जोतं पाहिलं, दारं उघडून-लावून पाहिली. म्हणाल्या, "चांगलं हाय."

"मग सुनीताला आणाल?"

"पहिलंबी चांगलंच होतं, साहेब."

त्या दिवशी तसाच घरी आलो. माझी पत्नी मीना शाळेत शिकवायची. आमची चारू तेव्हा तीन वर्षांची होती. जेवताना मी म्हटलं, "दर गुरुवारी मी गिरणीवर जातो. चारूला बरोबर नेऊन दिवसभर तिथल्या पाळणाघरात ठेवावं म्हणतो."

मीनाला सगळं माहीत होतं, सहीसुद्धा. ती थोडा वेळ भात कालवत राहिली. "आधी मी पाहीन," म्हणाली.

पुढच्या गुरुवारी तिनं रजा काढली. तिघं एसटीनं गेलो. तिनं मला बरोबर येऊ दिलं नाही. एकटीच नाल्याच्या काठानं पुलापर्यंत गेली, पुलाखाली उतरली, वर आली. जुन्या पाळणाघराच्या जोत्याशी जाऊन उभी राहिली. तिथून नव्यापर्यंतचा चढ चालून आली. मग आयाला नाव विचारलं, तिच्या हातावरचा व्रण पाहिला आणि चारूच्या चपला काढल्या.

"चार वाजता न्यायला येते," ती चारूला म्हणाली.

पाळणाघरात एकटी चारू होती. अकरा मुलांची जागा आणि मध्ये ती. थोडं रडली, मग खिडकीशी जाऊन उभी राहिली. जेवणाच्या सुटीत बायका येऊन पाहून गेल्या. दुसऱ्या गुरुवारीही ती एकटीच. त्या दिवशी पाऊस होता आणि मीनाचा चेहरा सकाळपासून उतरलेला होता, पण तिनं चारूचा डबा भरून दिला. तिसऱ्या गुरुवारी मी चारूला घेऊन पोचलो तर आत सुनीता बसली होती. सुभद्राबाई आयाला सांगत होत्या, "आज फक्त अर्धा दिवस. सुटीत येऊन घेऊन जाईन."

सुटीत त्या आल्या, पाहिलं आणि तशाच परत गेल्या.

चार वाजता मी चारूला घ्यायला गेलो. पहिली पाळी सुटून अर्धा तास झाला होता. दोन्ही पोरी एकाच सतरंजीवर झोपल्या होत्या आणि सुभद्राबाई पायरीवर बसल्या होत्या. मी आत जायला लागलो तशी त्यांनी हात आडवा केला.

"उठवू नका. आत्ताच झोपल्या." मग थोडं सरकून त्यांनी पायरीवर जागा केली. "बसा."

मी बसलो. पाच वाजेपर्यंत आम्ही तिथं होतो.